सत्तरीच्या वडिलांना आठ दिवसांत इटलीतील ऐतिहासिक शहरे दाखवायची आहेत. ग्रुप टूर घ्यावी की स्वतः जावे?

आपण प्रश्नात ‘वडिलांना इतिहासाची फार आवड आहे’ असे लिहिले आहे, केवळ त्या एका वाक्यामुळे हे उत्तर लिहीत आहे. रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस हाच प्रवास मी २०१८ साली माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना घेऊन ग्रुप टूरने केला. बरोबर दादा आणि वहिनी होते. त्या प्रवासातील एका दुपारवरून दादाचा आणि माझा जो वाद झाला, तो अण्णा गेल्यानंतरही मिटलेला नाही.

अण्णा कोल्हापुरात इतिहासाचे शिक्षक होते. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. फ्लोरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती आणि तेथे दहनाची प्रथा नव्हती. तरीही खास परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांना अग्नी देण्यात आला. १८७४ साली त्याच जागी छत्री उभारली गेली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला त्यांचाच. हा धडा अण्णांनी तीस वर्षे वर्गात सांगितला होता आणि इटलीला येण्यामागे त्यांचे खरे कारण तेवढेच होते.

निघण्यापूर्वी मी कंपनीला हे सांगितले होते. ‘फ्लोरेन्समध्ये मोकळा वेळ आहे, तेव्हा बघू’ असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात सकाळी साडेदहाला आम्ही बसमधून उतरलो. कॅथेड्रलचा घुमट बाहेरूनच पाहिला. वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात खालून लाकडी आधार न देता विटांचा तो घुमट कसा उभा केला, हे स्थानिक गाईड सांगू लागली, तोवर छत्री उंच धरून टूर मॅनेजर पुढे निघालेले होते. सिन्योरिया चौकातील मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या पुतळ्यासमोर अण्णा बराच वेळ उभे राहिले. मग त्यांना कळले की ती प्रतिकृती आहे. मूळ पुतळा १८७३ सालीच तेथून हलवून अकादेमिया संग्रहालयात नेलेला आहे आणि आपल्या कार्यक्रमात त्याचे तिकीट नाही. त्यानंतर आम्हाला चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात नेण्यात आले. तेथे एक तास दहा मिनिटे गेली. मी घड्याळ लावून पाहिली होती.

त्या दुकानातूनच मी अण्णांना घेऊन बाहेर पडले. टॅक्सीच्या थांब्यावर चालकाला एवढेच म्हणाले, ‘काशिने, इंदियानो’, आणि त्याला कळले. काशिने हे नदीकाठचे लांबलचक उद्यान आहे आणि महाराजांची छत्री त्याच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. शेजारच्या पुलालाही त्या ‘भारतीया’चेच नाव आहे. छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. डोक्यावरचा फेटा आणि गळ्यातले दागिने लांबूनही उठून दिसतात. अण्णांनी चपला काढल्या. चौथऱ्यावरच्या लेखाच्या ओळींवरून बोट फिरवत त्यांनी खिशातल्या वहीत काही उतरवून घेतले, मग काठावर जाऊन यातली आर्नो कोणती आणि मुन्योने कोणती हे मला विचारून घेतले. म्हणाले, ‘प्रयाग चिखलीला उभे राहिल्यासारखे वाटते.’ प्रयाग चिखली म्हणजे कोल्हापूरजवळचा नद्यांचा संगम. त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

परत येताना टॅक्सी मिळेना आणि आम्ही बसपाशी पंचवीस मिनिटे उशिरा पोहोचलो. मी सर्वांची माफी मागितली. दादा आजही म्हणतो की तुझ्या हट्टापायी अडतीस लोकांचा पिसातला वेळ बुडाला. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे: पिसाला बस लांबच्या तळावर थांबते, पुढे कललेला मनोरा हाताने पेलल्याचे फोटो काढून लोक परत फिरतात, आणि १९९० ते २००१ अशी जवळजवळ बारा वर्षे बंद ठेवून तो मनोरा कसा सावरला हे कोणी सांगतही नाही. वेळ बुडाला असेल तर तो चामड्याच्या दुकानात बुडाला.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. वडिलांना शहरे ‘बघितली’ एवढेच हवे असेल तर ग्रुप टूर घ्या. त्यांना इतिहास हवा असेल तर घेऊ नका. रोमहून फ्लोरेन्स वेगवान रेल्वेने दीड तासावर आहे आणि तेथून व्हेनिस दोन तासांच्या थोडे पुढे. पिसा वगळा आणि फ्लोरेन्सला तीन रात्री द्या. तेथील उफ्फिझी आणि अकादेमिया ही कलासंग्रहालये सोमवारी बंद असतात, तेवढे पाहून तारखा ठरवा.

तरीही टूरच घेणार असाल, तर कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक ठिकाणापुढे ‘प्रवेश’ लिहिले आहे की ‘ओरिएंटेशन टूर’ आणि ‘फोटो स्टॉप’, म्हणजे नुसते बाहेरून दाखवणे, हे पैसे भरण्याआधी तपासा, आणि मोकळा वेळ किती तासांचा हे लेखी घ्या. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बसचालक अडून बसतो तो आडमुठेपणाने नव्हे; युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती आणि एरवी रोजची अकरा तासांची सलग सुट्टी त्याला कायद्याने घ्यावीच लागते, आणि बसमधले यंत्र त्याची नोंद ठेवते. त्यामुळे बसला थांबवणे चूकच होते. शिवाय व्हिसा, सामानाची ने-आण आणि रात्रीचे भारतीय जेवण या तीन गोष्टींत टूरने अण्णांना कसलाही त्रास होऊ दिला नाही, हेही खरे.

वडिलांना काशिनेला नेणार असाल, तर ज्या टॅक्सीने जाल तिलाच तेथे थांबवून ठेवा. त्या टोकाला परतीची टॅक्सी मिळत नाही.