वाचक विचारतात : शिपाई, सोजीर, बारगीर

प्रश्न : मुलगा तोफखान्यात गनर आहे. लग्नपत्रिकेत ‘शिपाई’ छापलं तर कचेरीतला वाटेल, असं व्याही म्हणतात. काय लिहावं? (गडहिंग्लज)

उत्तर : ‘गनर, भारतीय सेना’ एवढंच. कायम नोकरीतल्या जवानाची पहिली पायरी सगळीकडं एकच, पण तिचं नाव दलागणिक बदलतं. पायदळात सिपाही, रणगाडा दलात सवार, तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, ईएमईत, म्हणजे यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात, क्राफ्ट्समन. पायदळातही ग्रेनेडियर्सचा तो ग्रेनेडियर आणि गार्ड्सचा तो गार्ड्समन. मराठा लाइट इन्फंट्रीत सिपाहीच म्हणतात. बाकी फौज त्याला ‘गणपत’ म्हणते ते लाडानं.

पत्रिका छापायला जाईपर्यंत बढती झाली असेल तर दंडावरच्या फिती मोजा. एक असेल तर लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. रणगाडा दलात नायकाच्या जागी लान्स दफेदार आणि हवालदाराच्या जागी दफेदार येतो. पायदळात आणि तोफखान्यात त्यावर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे जेसीओ, म्हणजे जवानांतून बढतीनं वर येणारे. हमखास चूक होते ती इथंच. ‘सुभेदार मेजर’मधला सुभेदार गळतो आणि नुसता ‘मेजर’ छापला जातो. मेजर हा कमिशन घेतलेल्या अधिकाऱ्याचा हुद्दा, त्याची वाटच वेगळी. सुट्टीवर आलेल्या कुणालाही गाव ‘काय मेजर’ म्हणून हाक मारतं, ते पारावर शोभतं, पत्रिकेत नाही. युनिटचा नंबर आणि पोस्टिंगचं ठिकाणही छापू नका; पत्रिका व्हॉट्सॲपवर कुठवर जाते याचा नेम नसतो.

व्याह्यांना एवढं सांगा : शिपाई हा शब्द फारसी ‘सिपाह’वरून आला आणि सिपाह म्हणजे फौज. कचेरीतला शिपाई त्या शब्दाचा धाकटा भाऊ. त्याच्या छातीवर आडवा पट्टा असायचा, म्हणून तो पट्टेवालाही झाला.

प्रश्न : आजी गोऱ्या शिपायाला ‘सोजीर’ म्हणायची. हा शब्द कुठला? (शाहूपुरी)

उत्तर : इंग्रजी सोल्जर मराठी जिभेवर घोटून झालेला. मूळ त्याहून जुनं. ‘सॉलिडस’ हे रोमन सोन्याचं नाणं. त्यावरून फ्रेंचमध्ये पगाराचा शब्द झाला आणि पगारावर लढणारा तो सोल्जर. आपल्या ‘सैनिक’मध्ये सेना दिसते, ‘जवान’मध्ये वय, सोजिरात नुसता पगार!

प्रश्न : बारगीर आणि शिलेदार यांत फरक काय? दोघेही घोडेस्वारच ना? (कागल)

उत्तर : घोडा कुणाचा, एवढंच विचारा. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार दोन्ही आपलं आणी. शिलेदार म्हणजे मुळात ‘सिलाहदार’, हत्यार बाळगणारा. व्यवहारात फरक मोठा पडे : घोडा मेला तर बारगिराचं नुकसान सरकारचं, शिलेदाराचं त्याच्या घरचं. लढाईत घोडा जपण्याचा मोह शिलेदाराला का व्हावा, हे यातून कळतं. शिवकाळात पागेची बांधणी अशी : 25 बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. गुणाकार करून पाहा, हजारीच्या हाताखाली 1250 भरतात. प्रत्येक 25 घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांच्याविना पागा हलत नाही, हे तेव्हाच्या कारकुनाला पक्कं ठाऊक होतं.

आजचा हवालदार फौजेत आणि पोलिसांत उरला, जुमलेदार कागदातच राहिला.

प्रश्न : चौकटीतल्या वाळवीत मोठ्या पिवळसर डोक्याचे किडे दिसले. ते मारले की पुरे का? (शिरोळ)

उत्तर : नाही. ते वाळवीचे शिपाई. जबडे मुंग्यांशी झुंजायला वाढलेले असतात, इतके की लाकूड कुरतडून त्यांना स्वतःचं पोट भरता येत नाही. कामकरी वाळवी त्यांना भरवते. तुमची चौकट खाते ती कामकरी, फिकट आणि छोट्या डोक्याची. भिंतीवरची मातीची नळी बोटभर फोडून बघा : शिपाई तोंडाशी येऊन उभे राहतात आणि कामकरी मागून माती लिंपू लागतात. दुसऱ्या दिवशी नळी बुजली असेल तर वसाहत जिवंत आहे. नळी नुसती झाडून काढली तर ती शेजारून पुन्हा वर येते. औषध जमिनीशी, नळी जिथून निघते तिथं, माहितगाराकडूनच घाला.