आधी प्रश्न आण

अगं,

वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या टाइप केलेला तुझा लांबलचक मेसेज वाचला. एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतलं मास्टर्स, न्यूरोत (मेंदू आणि नसा) करू की मस्क्युलोस्केलेटलमध्ये (हाडं आणि स्नायू), कॉलेज नवी मुंबईतलं की बाहेरचं, दोन वर्षं पगार बुडेल त्याचं काय... सगळं विचारलंस. शोधायचंय काय, ते मात्र कुठेच नाही.

प्रश्न हवा गं, स्वतःचा. तो माहितीपुस्तिकेत मिळत नाही, पेशंटपाशी मिळतो. घोडबंदर रोडचे तुझे ते आजोबा. स्ट्रोकनंतर तोल मोजणाऱ्या बर्ग स्केलवर ५६ पैकी ४६. स्टुलावर आलटून पालटून पाय ठेवतात, पण बाथरूमच्या ओल्या उंबऱ्यापाशी थबकतात आणि मुलाचा हात शोधतात. तूच सांगितलंस आणि पुढच्या वाक्यात विसरलीस! अगं, हाच तर प्रश्न.

घरच्यांना व्यायाम शिकवले की भागलं, असं आपण धरूनच चालतो. भारतातल्याच १४ हॉस्पिटलांत साडेबाराशे स्ट्रोक पेशंटवर ते तपासलं गेलं. अटेंड ट्रायल, लॅन्सेट, २०१७. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याशिवाय घरच्यांनी करून घेतलेले व्यायाम. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के, फरक नाहीच. वाच, आणि मग त्या मुलाला शिकवलेले व्यायाम पुन्हा बघ.

मी पोरं मोठी झाल्यावर एमपीटीला गेले. वर्गातल्या मुली आंटी म्हणायच्या. पण डिझर्टेशनला गाइडने विषय द्यावा म्हणून मी ताटकळले नाही, माझा विषय ओपीडीतून आला होता. पीएचडी राहिली, त्याची सल आहे. तरी उशीर केला असं कुणी म्हटलं की मी आजही भांडते.

तोवर वही घाल. प्रत्येक नव्या पेशंटचं टाइम्ड अप अँड गो पहिल्या दिवशी आणि महिन्याने: घड्याळ लावून खुर्चीतून उठणं, तीन मीटर चालणं, वळून परत येऊन बसणं. वेळ नाही म्हणू नकोस. पेशंटला आयएफटी, ते दुखण्यावरचं करंटचं मशीन, लावून तू मोबाइल बघतेस, मला माहितीये. या नोंदी पुढे संशोधनात वापरायच्या तर एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, ते तेव्हा बघू. आत्ता डोळे तयार होऊ देत.

पैशांचं म्हणशील तर एमपीटी पूर्णवेळ असते, नोकरी सोडावीच लागेल. संध्याकाळच्या होम व्हिजिट चालतील का, ते कॉलेजला आधीच विचार. आणि प्रश्नाशिवाय बाबांची एफडी मोडायला लावलीस, तर माझ्याकडे शिफारसपत्र मागू नकोस.

रविवारी दुपारनंतर नौपाड्यात घरीच आहे. वही घेऊन ये.

तुझी,
ताई