विचारा, सांगतो : गॅस गिझर, हवा आणि धूर

प्रश्न : बाथरूममध्ये सहा लिटरचा गॅस गिझर आहे. झरोका थंडीत बंद असतो. परवा अंघोळीत मुलीला चक्कर आली, डोकं दुखलं, उलटी झाली. दवाखान्यात बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ आलं, म्हणून सगळे ‘पित्त’ म्हणतात. गिझरचा संशय सोडावा का? (सदाशिव पेठ)

मुळीच नाही. गिझर आजच बंद करा. गिझरची ज्योत अर्धवट जळली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो आणि रक्तात ऑक्सिजन आहे की हा वायू, यातला फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. त्यामुळे विषबाधा झालेली असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. खरं काय ते रक्ताच्या तपासणीत कळतं, आणि तीही लवकर व्हावी लागते. पुन्हा असं झालं तर ‘बाथरूममध्ये गॅस गिझर आहे’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

आता हिशेब पाहा. सहा लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण पाऊण ते एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत जवळपास दोन हजार लिटर हवेतला ऑक्सिजन संपतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवाच असते सुमारे ५,४०० लिटर. ऑक्सिजन घटला की ज्योत अर्धवट जळते आणि मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. त्याला ना वास, ना रंग. ज्योत निळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पिवळी दिसायच्या आधीही तो तयार होत असतो.

झरोका उघडा ठेवून भागेल का? नाही. एका झरोक्यातून धूर बाहेर आणि ताजी हवा आत, अशी दोन्ही कामं भरवशाने होत नाहीत. गिझर बाथरूमबाहेर, उघड्या जागी हलवणं हाच उपाय. गरम पाण्याची नळी लांबली तर तिच्यावर फोमचं आवरण घाला. तोवर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, आत कोंडलेली हवा जाऊ द्या आणि मगच अंघोळ करा. आत कुणी पडलं तर श्वास रोखून आधी त्याला बाहेर ओढा, मग गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : गिझर ड्राय बाल्कनीत आहे, पण बाल्कनी स्लायडिंग काचांनी बंद केली आहे. प्लंबर म्हणतो, धुराची नळी डक्टमध्ये सोडू. (बाणेर)

डक्टमध्ये सोडू नका. त्याच डक्टमध्ये वरखालच्या घरांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. तुमचा धूर त्यांच्या घरात जाईल. नळी थेट मोकळ्या हवेत काढा, कुणाच्याही खिडकीपासून लांब. गिझरच्या तोंडाचा व्यास असेल तोच शेवटपर्यंत ठेवा, कोपर (वळणं) कमीत कमी घ्या, सांधे अॅल्युमिनियम टेपने बंद करा. प्लॅस्टिकची ड्रेनेज नळी अजिबात नको. फॅन असलेल्या गिझरची नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती हवी, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. बिनफॅनच्या गिझरची मात्र आधी सरळ वर जायला हवी, कारण तिथे धूर फक्त त्याच्या उष्णतेवर वर चढतो.

बिनफॅनचा असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन तपासा. तो धूर नळीतून उलटा घरात ओढतो, आणि हे कुणाच्या लक्षातच येत नाही. काचा-दारं लावून, एक्झॉस्ट चालू ठेवून गिझर पाच मिनिटं चालवा आणि नळीच्या बुडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला जायला हवा. अंगावर आला तर गिझर बंद. नळी आहे म्हणून काचा पूर्ण लावायची मुभा मिळत नाही; आतली हवा जाळणाऱ्या गिझरला ताज्या हवेची वाट लागतेच.

प्रश्न : वरच्या मजल्यावर राहतो. गिझर कधी पेटत नाही, कधी मध्येच विझतो. (सिंहगड रोड)

नळ सोडल्यावर टिकटिक येते का, ते आधी ऐका. येत नसेल तर गिझरमधले सेल बदला (दोन्ही एकदम). तरीही नाही, तर पाण्याचा दाब कमी आहे. गिझरच्या पाटीवर किमान दाब ०.०२५ एमपीए (मेगापास्कल) असा काहीसा छापलेला असतो; त्याचा अर्थ टाकीतलं पाणी गिझरपासून अडीच मीटर तरी उंच हवं. गच्चीवरची टाकी थेट तुमच्या डोक्यावर असेल तर तेवढी उंची मिळतच नाही. छोटा प्रेशर पंप लागेल. पंप घेण्याआधी इनलेटची (पाणी गिझरमध्ये शिरतं तिथली) जाळी काढून धुवा, टँकरच्या पाण्याची रेती तिथेच अडकते. दाबही ठीक असेल तर डायाफ्राम (पाण्याच्या दाबाने गॅस उघडणारा रबरी पडदा) फाटलेला असतो.

टिकटिक येते पण ज्योत नाही? सिलिंडर नुकताच बदलला असेल तर गॅसच्या नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ सोडून बंद करा. पेटून काही सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणाऱ्या काडीवर काजळी असते. बरोबर वीस मिनिटांनी विझत असेल तर बिघाड नाही, बहुतेक गिझरना तसा टायमर असतो. तो किंवा कुठलाही सेन्सर वायर जोडून ‘बायपास’ करणाऱ्या कारागिराला घरात घेऊ नका.

प्रश्न : सोसायटीत पाइप गॅस आला. जुना गिझर चालेल? आणि गॅसचा अलार्म कुठे लावावा? (पिंपळे सौदागर)

तसाच जोडू नका. पाइप गॅसचा दाब आणि ज्योतीला गॅस सोडणाऱ्या जेटचं भोक दोन्ही वेगळं असतं. कंपनीच्या माणसाकडून जेट बदलता येत असतील तर ठीक, नाहीतर नवा घ्या.

अलार्म दोन वेगळे असतात. गळती पकडणारा एलपीजीसाठी जमिनीलगत लावतात, कारण तो गॅस हवेपेक्षा जड. पाइप गॅस हलका, म्हणून त्याचा छताजवळ. मोनॉक्साइडसाठी यांपैकी कुठलाही चालत नाही. त्याचा अलार्म वेगळा घ्या आणि बाथरूमबाहेर, डोक्याच्या उंचीवर, वाफेपासून दूर लावा. युरोपीय मानकाचा अलार्म ३०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग मोनॉक्साइड) तीन मिनिटांत वाजतो, ५० पीपीएमला मात्र तासभर तरी थांबतो. वाजला की गिझर बंद करून सगळ्यांना बाहेर काढा. एलपीजीचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर जाऊन १९०६ फिरवा.