बी लावून कुंडीत वाढवलेलं लिंबाचं झाड पाच वर्षांचं झालं, पानं भरपूर हिरवीगार आहेत, काटे लांबलचक आहेत, दरवर्षी छाटणी केली तरी जोमाने फुटतं, पण अजून एक कळीसुद्धा नाही. काढून टाकू का?

नका काढू! तुम्ही लिहिलंय तसं पानं हिरवीगार, काटे लांबलचक, दरवर्षी छाटता आणि तरी जोमाने फुटतं, म्हणजे झाड आजारी अजिबात नाही, ते अजून वयात आलेलं नाही एवढंच.

बीपासून आलेल्या फळझाडाला बालपण असतं आणि त्या काळात कितीही खत घाला, ते फुलत नाही. कागदी लिंबू त्यातल्या त्यात लवकर येतं, साधारण 3 ते 6 वर्षं, संत्रं-मोसंबी 7-8 वर्षं किंवा त्याहून जास्तही घेतात. कलमाला मात्र दोन-तीन वर्षांत फळ धरतं कारण कलमाचा डोळा (म्हणजे फांदीवरचा कोंब फुटायचा बिंदू) फळ देणाऱ्या मोठ्या झाडावरून घेतलेला असतो, तो आपलं वय सोबत घेऊनच येतो, रोप दिसायला छोटं असलं तरी वरची फांदी आधीच वयात आलेली असते.

आता छाटणीबद्दल, कारण मला वाटतं तुमच्याकडे खरी अडचण तीच आहे. फुलायची ताकद झाडात खालून वर येते, म्हणजे बुंध्याजवळचा भाग वर्षानुवर्षं बालपणातच राहतो (म्हणून तिथे काटे जास्त) आणि शेंडा वाढत वाढत, पेरामागून पेर टाकत गेला की मग वरच्या फांद्या फुलायला तयार होतात. आपण आकार छान राहावा म्हणून दरवर्षी शेंडा कापतो आणि नेमका तोच भाग जातो जो फुलणार होता, झाड परत खालून सुरुवात करतं. तेव्हा शेंडा अजिबात कापू नका, फक्त वाळलेल्या आणि एकमेकांत घुसलेल्या फांद्या काढा. वर नवीन फांद्यांना काटे बारीक यायला लागले की समजायचं झाड मोठं होतंय.

दुसरं म्हणजे ऊन. निदान 6 तास थेट ऊन हवंच, खिडकीतल्या उजेडावर पानं येतात पण फळ नाही. आणि नत्राचं खत (युरिया वगैरे) थोडं आवरा, त्याने पालाच वाढतो, त्यापेक्षा कुजलेलं शेणखत आणि थोडं पालाश (पोटॅश) द्या. कुंडी मोठी घ्या, 18-20 इंची तरी.

झाड वयात आल्यावर ताण देता येतो, म्हणजे पाणी कमी करून पानं किंचित मलूल झाली की परत भरपूर पाणी, त्याने कळ्या निघतात. पण कुंडीतली माती फार लवकर सुकते म्हणून रोज बघत राहायचं, आणि आत्ता तर हे करूच नका, लहान झाडाला नुसता त्रास.

थांबायचं नसेल तर याच झाडावर फळ देणाऱ्या लिंबाचा डोळा भरून घ्या, म्हणजे तो डोळा या झाडाच्या सालीत बसवून बांधायचा. तुमचं पाच वर्षांचं खोड आणि मुळं म्हणजे तयार खुंटच (ज्यावर कलम करतात ते मुळांचं झाड) आहे की, मी तर हाच मार्ग सुचवेन. डोळा फुटला की त्याच्या खालून येणारे फुटवे मात्र दिसले की लगेच काढायचे, नाहीतर खुंटच जोर धरतो आणि कलम मागे पडतं.

बाकी फळ कसं निघेल ही काळजी लिंबाच्या बाबतीत कमी आहे, कारण त्याच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन रोपं निघतात आणि त्यातली बहुतेक हुबेहूब आईसारखी असतात. सफरचंदाच्या बीचं तसं नाही, तिथे फळ कसं येईल काही सांगता येत नाही.

आणि फुलं आली की ढिगाने गळतील तेव्हा घाबरू नका, लिंबाची बहुतेक फुलं गळतातच. परागासाठी दुसरं झाडही लागत नाही, एकटं झाड फळ धरतं. फक्त फुलात असताना कुंडीची जागा बदलू नका आणि पाण्यात खंड पडू देऊ नका.