अक्रोड खाताय, पण तपासणी केलीत का?

थंडी पडली की सांगलीच्या पेठेत सुक्यामेव्याच्या दुकानांवर गर्दी वाढते आणि माझ्याकडे अक्रोडाचे प्रश्न येऊ लागतात. दरवर्षी तेच प्रश्न आणि तेच गैरसमज. यंदा आलेल्यांपैकी काहींना इथे उत्तर देतो.

प्रश्न : अक्रोड रात्री भिजवूनच खायचे असतात ना? कोरडे खाल्ले तर बाधतात, असा मेसेज आला होता. (मिरज)

बाधत नाहीत. दात कमजोर असतील तर भिजवा, नाहीतर तसेच नीट चावून खा.

प्रश्न : रोज किती खावेत? हृदयाला चांगले म्हणून मी मूठ-मूठ खातो. (पलूस)

पचन चांगलं असेल तर तीन-चार अक्रोड पुरे. 100 ग्रॅम गरात साधारण 65 ग्रॅम तेल आणि 650 कॅलरी असतात. हे तेल चांगल्या प्रतीचं आहे, पण ते तेलच आहे. हृदयरोग टाळण्यासाठी स्पेनमध्ये जो मोठा अभ्यास झाला, त्यात मेवा खाणाऱ्या गटाला दिवसाला 30 ग्रॅम मिश्र मेवा दिला होता आणि त्यात अक्रोड होते 15 ग्रॅम. सोबत भाज्या, कडधान्यं, फळं असा सगळा आहारच बदललेला होता. वडापाव तसाच चालू ठेवून वर मूठभर अक्रोड खाल्ले, तर फक्त वजन वाढेल. रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने कमी करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न : अक्रोड खाल्ले की तोंड येतं, पित्त उसळतं. दुधातून घेतले तर चालतील का? (तासगाव)

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 27 व्या अध्यायात, बदाम-पिस्त्यांच्या बरोबरीने ‘अक्षोट’ येतो. त्याचे गुण ‘गुरूष्णस्निग्धमधुराः’, म्हणजे पचायला जड, उष्ण, स्निग्ध आणि गोड. वात कमी करणारा, शरीर भरणारा, बळ देणारा आणि कफपित्त वाढवणारा. लोक पहिला भाग पाठ करतात आणि शेवटचा शब्द सोडून देतात. हेमंत-शिशिरात, भूक कडकडून लागत असताना, कृश आणि वाताच्या माणसाला अक्रोड मानवतो. तासगावच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पित्ताच्या माणसाला, जेवणावर जेवण म्हणून कसा मानवेल? दुधाची पळवाट नको. थंडीत दोन खाऊन बघा, तेव्हाही त्रास झाला तर अक्रोड तुमच्यासाठी नाहीत.

मात्र खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजले, घसा खाजला, अंगावर गांधी उठल्या, तर ती उष्णता नव्हे, ती ॲलर्जी. पुन्हा चाखूनसुद्धा बघू नका. श्वास लागला तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. आणि तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, त्यातून मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल, तर आजच दाखवा.

प्रश्न : अक्रोडाच्या आतल्या पडद्यांचं पाणी प्यायलं की शुगरची गोळी सुटते का? पाकीट ऑनलाइन मिळतं. (विटा)

नाही. गोळी सोडू नका आणि पैसे घालवू नका. पाकिटावर ‘आयुर्वेदिक’ छापलं म्हणजे ते औषध होत नाही. उत्पादनाचा परवाना क्रमांक, घटक आणि बॅच कुठे आहे ते आधी शोधा.

प्रश्न : वडील 67 वर्षांचे. वर्षभरापासून विसरतात, तोच प्रश्न दहादा विचारतात. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून रोज पाच भिजवून देतोय. फरक कधी दिसेल? (जत)

या प्रश्नाने मी दरवर्षी अस्वस्थ होतो. अक्रोड मेंदूसारखा दिसतो हे खरं, पण दिसण्यावरून औषध ठरत नाही. फरकाची वाट बघत तुम्ही एक वर्ष घालवलं आहे.

काही वर्षांपूर्वी असेच एक आजोबा माझ्याकडे आले होते. आठ महिने अक्रोड चालू होते. ओट्यावरून आत येताना त्यांच्या एका पायातली चप्पल मागे उंबऱ्यातच राहिली आणि ते तसेच चालत खुर्चीपर्यंत आले. चप्पल सुटल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. जीभ बघितली तर लाल आणि गुळगुळीत. शुद्ध शाकाहार, वर मधुमेहाची मेटफॉर्मिन दहा वर्षं. मी काढा दिला नाही, चिठ्ठी देऊन रक्त तपासायला पाठवलं. बी-12 जीवनसत्त्व फारच कमी निघालं; शुद्ध शाकाहार आणि मेटफॉर्मिन, दोन्हींनी ते घटू शकतं. फिजिशियनकडे इंजेक्शनं सुरू झाली, काही महिन्यांत बोलणं-वागणं बरंच सुधारलं. पायांची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही, कारण नसांना झालेली इजा फार दिवस राहिली की सगळी भरून येत नाही. ते आठ महिने मला आजही सलतात. अक्रोडात बी-12 नसतं, पाच खा नाहीतर पन्नास.

म्हातारपणीच्या विसरण्यामागे थायरॉईड असू शकतं, उदासीनता असू शकते, झोपेच्या गोळ्या असू शकतात. पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं. साधं ऐकू कमी येणंही असू शकतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत, वेळेत कळल्या तर. आणि स्मृतिभ्रंशच निघाला, तरी लवकर कळलेलं घरच्यांना पुढची तयारी करायला उपयोगी पडतं. वडिलांना याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि गेल्या वर्षभरात पडले होते का, ते आठवून सांगा. अक्रोड आवडत असतील तर देत राहा, पण खाऊ म्हणून.

प्रश्न : अक्रोड परवडत नाहीत. आम्ही काय खावं? (कवठेमहांकाळ)

जवस. अक्रोडाचं ज्या ओमेगा-3 साठी कौतुक होतं, ते जवसात वजनाला वजन दुपटीहून जास्त आहे. भाजून, कुटून चटणी करा. आख्खे दाणे गिळले तर तसेच बाहेर पडतात. जोडीला मूठभर शेंगदाणे आहेतच. अक्रोड मिळत नाहीत म्हणून तुमच्या मुलांचं काही अडत नाही.

प्रश्न : घरातले अक्रोड कडू लागतात. फेकावेत का? (सांगली)

सालीचा किंचित तुरटपणा चालतो. फोड मोडून नाकाशी धरा. जुन्या तेलाचा किंवा ऑइलपेंटचा वास आला तर खवट झालेत, टाकून द्या. भाजून मीठ-मसाला लावलेला गर घेऊ नका, मसाल्याखाली खवटपणा कळत नाही. शक्यतो कवचासकट घ्या. फोडलेला गर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा.

प्रश्न : थायरॉईडच्या गोळीबरोबर सकाळी अक्रोड खाते. चालेल ना? (शिराळा)

नाही. अक्रोडाने ती गोळी अंगी लागणं कमी होऊ शकतं. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, नाश्ता पाऊण-एक तासाने, अक्रोड दुपारी. आजवर एकत्र घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, पुन्हा करतील.

प्रश्न : दीड वर्षाच्या नातवाला अक्रोडाची फोड दिली तर? (आटपाडी)

देऊ नका, घशात अडकते. चार-पाच वर्षांचा होईपर्यंत फोडी, तुकडे काहीच नको. बारीक पूड करून खिरीतून थोडी देता येईल, तीही बालरोगतज्ज्ञांना विचारून आणि पहिल्यांदा देताना दिवसा, बाळ डोळ्यांसमोर असताना.