आजीचे टाळ

प्रिय सोनू,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी टाळ वाजवत गात होती आणि तू मला हळूच विचारलंस, "आई, हे खरं हिम (hymn, चर्चमधलं भक्तिगीत) आहे, की आजी हिंदूंची नक्कल करते?" मी "नंतर सांगते" म्हटलं. चिडले नव्हते गं. धुळ्याला आठवीत असताना हाच प्रश्न मी तिला विचारला होता, आणि तुझ्याइतक्या हळू नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी, ढोलकी, टाळ. मे महिन्यात पत्रे असे तापायचे की पंखा नुसती गरम हवा ढवळायचा. आजी पुढच्या सतरंजीवर, डोक्यावरून पदर, सुराच्या आणि सगळ्यांच्या एक पाऊल पुढे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शाळेतल्या मैत्रिणींना वाटायचं आम्ही इंग्रजी गाणी म्हणतो. मी वाटू द्यायचे.

माझ्या प्रश्नावर आजी कळण्याची भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "लक्ष्मीबाईले इचार." म्हणजे फळीवरचं 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र.

लक्ष्मीबाई टिळक १८६८ सालच्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय चालायची नाही. लग्न लहानपणीच झालं. नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला तेव्हा ती काही वर्षं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही आपलं सोवळं सांभाळून होती. बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. हे मला फार आवडतं. टिळकांनी मंडळीसाठी मराठी भजनं रचली. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन', ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य, अर्धवट होतं. पुढचे ६४ अध्याय तिने रचले, जिला धड शाळा मिळाली नव्हती तिने! ही माणसं कुणाची नक्कल करत नव्हती. देव बदलला म्हणून गळा कुठे बदलतो?

खरं सांगू, लक्ष्मीबाईंना पुढे करून मी स्वतःचीच बाजू मांडतेय बहुतेक. त्या नाशिककडच्या ब्राह्मण घरातल्या. आपलं घर कुठलं, त्यांचं कुठलं. आजीचा आवाज पुस्तकातून आलेला नाही. तो तिच्या आईच्या जात्यावरचा आहे, अहिराणी. श्रावणात शेजारी कानबाई, आपल्या खानदेशातली देवी, बसली की रात्रभर गाणी चालायची, ती ऐकत आजी झोपायची. त्यातली एखादी चाल तिच्या प्रार्थनेत शिरलीही असेल. मग ती नक्कल म्हणायची का? मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

तू टाळ वाजवावेस असं माझं मुळीच म्हणणं नाही. तुझ्या चर्चमधला ऑर्गन मलाही आवडतो. पुढच्या रविवारी तिलाच विचार. फक्त 'नक्कल' म्हणू नकोस. तिला हल्ली कमी ऐकू येतं, पण असले शब्द बरोबर ऐकू येतात.

तुझी
आई