वाचकांचे प्रश्न: आंबेरचे कछवाहे, दोन जयसिंग आणि गुलाबी रंग

प्रश्न: पुरंदरचा तह करणारा जयसिंग आणि जयपूर वसवणारा जयसिंग एकच का? आमच्या फॅमिली ग्रुपवर यावरून भांडण पेटलंय.

उत्तर: नाही हो, दोघं वेगळे, मिटवा आता भांडण. घराणं मात्र एकच, आताच्या जयपूरजवळच्या आंबेरचे कछवाहा राजपूत, म्हणजे रामाचा मुलगा कुश याच्यापासून आपला वंश सांगणारे. पुरंदरवाले ते मिर्झाराजे जयसिंग, 1665 चा तह, 23 किल्ले, हे आपल्याकडे शाळेपासून पाठ असतं. त्यांचा मुलगा रामसिंग, रामसिंगाचा किशनसिंग, किशनसिंगाचा बिशनसिंग आणि बिशनसिंगाचा सवाई जयसिंग, म्हणजे मिर्झाराजेंचा हा खापरपणतू, आणि त्याने 1727 साली जयपूर वसवलं. मिर्झाराजे 1667 मध्ये बुऱ्हाणपूरला वारले तेव्हा जयपूर जन्मालाच आलं नव्हतं, त्यामुळे "जयपूरचे मिर्झाराजे" असं कुणी लिहिलं की मला तरी खटकतं.

आणि या गडबडीत मधला रामसिंग कायम विसरला जातो. 1666 मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला गेले तेव्हा बादशहासमोर त्यांना जामीन राहिला होता तो हाच रामसिंग, महाराज निसटल्यावर दरबारात यायची बंदी आणि मनसबीवर गदा हे सगळं त्यानेच भोगलं. पण या रामसिंगाच्या माणसांनी आपल्यावर केवढे उपकार करून ठेवलेत बघा, त्याचा परकालदास नावाचा कारभारी आग्र्याहून आंबेरच्या दिवाणाला, कल्याणदासला, सतत पत्रं धाडत होता, राजस्थानीत, आज काय झालं, कोण काय बोललं, अगदी सविस्तर. त्यात महाराजांचं वर्णनच आहे की अंगकाठी बारीक, रंग गोरा, आणि कोण आहे हे विचारायच्या आधीच माणूस राजा वाटतो. पालखी चांदीच्या पत्र्याने मढवलेली, निशाण केशरी-शेंदरी आणि त्यावर सोनेरी छाप, हेसुद्धा त्याने टिपलंय. नंतर कुणी रचलेल्या गोष्टी नाहीत या, त्याच दिवसांत लिहिलेली पत्रं आहेत! या घराण्याच्या दप्तरातले हे कागद आता बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात आहेत. म्हणून कछवाह्यांचा सगळ्यात मोठा वारसा कोणता असं मला विचाराल तर मी हवामहल नाही म्हणणार, ही दप्तरं म्हणेन, भले त्यांच्यासोबत सेल्फी काढता येत नसेल.

प्रश्न: मुलांना घेऊन जयपूरला जातोय, एकच दिवस आहे. काय बघू, काय सोडू?

उत्तर: हवामहल रस्त्यावरूनच बघा. तो सवाई प्रतापसिंगाने 1799 मध्ये बांधला आणि त्याची खरी शोभा समोरूनच आहे, आत शिरलात की अरुंद वाटा आणि गर्दी. वाचलेला वेळ जंतरमंतरला द्या, आणि ढगाळ दिवशी जाऊ नका, ऊन नसेल तर तिथे नुसत्या भिंती दिसतात.

सवाई जयसिंगाला ग्रहगणिताचं वेड होतं. दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी त्याने वेधशाळा बांधल्या, त्यातली मथुरेची आज शिल्लक नाही. जयपूरचं सम्राट यंत्र म्हणजे जवळजवळ 27 मीटर उंच सूर्यघड्याळ. मुलांना त्याच्या बाजूच्या वक्र पट्टीपाशी उभं करा आणि सावलीच्या कडेवर बोट ठेवायला सांगा, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते ती, म्हणजे मिनिटभरात बोटावरून निघूनच जाते, डोळ्यांदेखत! मग कुणीतरी मोबाईल काढून म्हणेलच की घड्याळ चुकतंय. चुकत नाही, ते जयपूरची स्थानिक वेळ दाखवतं आणि आपली भारतीय प्रमाणवेळ जयपूरच्या पूर्वेला असलेल्या रेखांशावरची, त्यामुळे सरासरी 27 मिनिटांचा फरक येतो, वर ऋतूप्रमाणे थोडा कमीजास्त.

शेजारच्या सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड घडे आहेत, गंगाजली म्हणतात त्यांना. सवाई माधोसिंग दुसरे 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनला निघाले, आणि समुद्र ओलांडायचा पण तिकडचं पाणी प्यायचं नाही असा बाणा, म्हणून यातून गंगेचं पाणी बोटीने नेलं. एकेक घडा 345 किलोच्या आसपास, आणि कुठेही सांधा नाही. सोवळं पाळायचं तर असं पाळावं, दुसरं काय!

आंबेरचा किल्ला मात्र अर्ध्या दिवसात उरकू नका, दुसऱ्या फेरीला ठेवा.

प्रश्न: जयपूर पहिल्यापासून गुलाबी आहे का? आणि अल्बर्ट हॉल व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याच्या नावावर ना?

उत्तर: दोन्हीला नाही. गुलाबी रंगाची गोष्ट 1876 ची, प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून सवाई रामसिंग दुसऱ्यांनी शहर रंगवून घेतलं. हे प्रिन्स म्हणजे अल्बर्ट एडवर्ड, पुढे तेच सातवे एडवर्ड झाले, आणि अल्बर्ट हॉल, म्हणजे जयपूरचं म्युझियम, त्यांच्याच नावाचा. राणीचे यजमान 1861 मध्येच गेले होते, ते कुठून येणार! हे रामसिंग स्वतः हौशी फोटोग्राफर होते, राजवाड्यातल्या माणसांचे त्यांनी काढलेले फोटो आजही आहेत आणि मला विचाराल तर रंगरंगोटीपेक्षा त्यांची ही हौस जास्त इंटरेस्टिंग.

प्रश्न: तिकडे अजून राजा असतो का? आणि गादी दत्तकानेच चालते असं ऐकलं, खरं का?

उत्तर: कायद्याने राजा नाही. 1949 मध्ये संस्थान राजस्थानात विलीन झालं आणि 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने तनखे आणि पदव्या दोन्ही गेल्या. जयपुरात लोक अजूनही महाराजा म्हणतात तो भाग मानाचा, सरकारी नाही.

दत्तकाचं मात्र तुम्ही बरोबर ऐकलंय. माधोसिंग दुसरे ईसरदा ठिकाण्यातून, म्हणजे तिथल्या जहागिरीतून, दत्तक आले आणि त्यांच्यानंतरचे सवाई मानसिंग दुसरे, तेसुद्धा ईसरद्यातूनच. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसून सयाजीराव झाला हे आपण अभिमानाने सांगतोच की. आणि गंमत म्हणजे ही दोन दत्तक घराणी पुढे सोयरी झाली, सयाजीरावांची मुलगी इंदिराराजे कूचबिहारला दिली होती, तिची मुलगी गायत्रीदेवी मानसिंगांची तिसरी राणी. 'स्वतंत्र' नावाच्या पक्षाच्या तिकिटावर 1962 मध्ये जयपूरमधून त्या लोकसभेला प्रचंड मतांनी निवडून आल्या, नंतर 1967 ला आणि 1971 ला पण. म्हणजे ज्या वर्षी पदव्या गेल्या त्याच वर्षी जयपूरकरांनी महाराणीला तिसऱ्यांदा दिल्लीला पाठवलं होतं.